माझे टाके, त्यांची पोजागी

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये एकदा मी मुद्दाम लिफ्टमध्ये चढले नाही. दार उघडलं तेव्हा आत आमच्याच मजल्यावरच्या, कोपऱ्यातल्या घरातल्या बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, अंगात तपकिरी कोट, हातात कोबी घातलेली पिशवी. मी एक पाऊल मागे घेतलं आणि फोनवर काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं केलं. दार मिटेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या. समोरून नाही; मान किंचित वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, एखाद्यावर पाळत ठेवावी तसं. मी चार मजले जिन्याने चढून घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, “त्या चिनी बाई होत्या लिफ्टमध्ये. म्हणून चालत आले.”

“बरं केलंस,” तो म्हणाला.

त्या चिनी नव्हत्या. पण नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या त्या इमारतीत दोन वर्षं काढूनही आम्ही त्यांना ते कधी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात ट्राममध्ये माझ्या मुलीला ठसका लागला आणि समोरचे दोघं उठून मागे जाऊन बसले. त्याचं आम्हाला किती वाईट वाटलं होतं! दोन दिवस आम्ही घरात तेवढंच बोलत होतो. लिफ्टच्या प्रसंगाशी त्याचा काही संबंध असेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

मग सगळंच बंद झालं. नवरा झोपायच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसला. त्याचं काम सॉफ्टवेअरचं, आणि आमचा इथे राहण्याचा परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला, त्यामुळे त्याच्या प्रत्येक मीटिंगला आम्ही दोघी मायलेकी श्वास रोखून असायचो. मुलगी अकरा वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. इथे डच भाषेच्या वर्गाला जात होते, तोही बंद पडला.

एप्रिलमध्ये एके सकाळी आमच्या दाराच्या मुठीला कागदी पिशवी अडकवलेली दिसली. आत तीन कापडी मास्क. दोन मोठे, एक लहान. चिठ्ठीवर डचमध्ये एवढंच, ‘तीन माणसं, तीन मास्क. कोपऱ्यातलं घर.’

“आपण तिघं आहोत हे त्यांना कसं माहीत?” नवरा म्हणाला.

“गॅलरीतून येता-जाता दिसत असेल.”

“म्हणजे बघतात.”

आमची इमारत इथल्या जुन्या पद्धतीची होती. बाहेरून लांब गॅलरी, तिच्यावर ओळीने सगळ्यांची दारं आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या. बघायचं नाही म्हटलं तरी दिसायचंच. पण ‘बघतात’ हा शब्द त्याने असा उच्चारला, की मी पिशवी चिमटीत धरून बाल्कनीत नेऊन ठेवली. तीन दिवस ती तिथेच पडून होती. चौथ्या दिवशी मास्क उकळत्या पाण्यातून काढले. वाळल्यावर इस्त्री करताना टाके दिसले. मला आधी ते मशीनचे वाटले. नीट पाहिलं, तर हाताचे! इतके बारीक, की मोजायला मी मुलीच्या अभ्यासाचं भिंग आणलं.

आभार मानायला हवे होते. मी थालीपिठं केली, डब्यात भरली, त्यांच्या दाराला अडकवली, बेल वाजवून घरी पळाले. दोन दिवसांनी डबा परत आला, स्वच्छ घासलेला, एका कापडात बांधलेला. सोबत चिठ्ठी, ‘खारट होतं, पण चांगलं. कापड परत हवं.’

“एवढ्याशा फडक्याचाही भरवसा नाही आपल्यावर,” मी म्हणाले. मग गाठ सोडून ते कापड खिडकीसमोर धरलं. पांढुरक्या, पिवळसर, फिक्या निळ्या लहान लहान तुकड्यांचं ते होतं, कोणतेही दोन तुकडे एका मापाचे नाहीत. कापड आरपार दिसेल इतकं तलम, आणि जोडाच्या रेघा उजेडात गडद उठलेल्या. मी सवयीने त्याची उलटी बाजू शोधू लागले. लहानपणी शिवणाच्या वर्गात आम्हाला सांगत, शिवणाऱ्याची खरी परीक्षा उलट्या बाजूला. इथे उलटी बाजूच नव्हती. सुटे दोरे नाहीत, कापडाच्या कच्च्या कडा नाहीत. जोडलंय तर मग कडा गेल्या कुठे? यात काहीतरी लबाडी आहे, असंच मला वाटलं. चिकटवलं असेल. मी एक जोड नखाने उचकटून पाहिला. नाही, शिवलेलंच होतं.

कापड परत द्यायला गेले तेव्हा माझ्या मोडक्या डचमध्ये मी विचारलं, “हे मला शिकवाल?”

त्या दाराच्या आत, मी गॅलरीच्या कठड्याला टेकून. त्यांनी पुन्हा तशीच मान वळवली आणि कडेने माझ्याकडे पाहिलं.

“का?” त्यांनी विचारलं.

“आवडलं म्हणून.”

“लिफ्टमध्ये आवडलं नव्हतं,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मी घरी येऊन रडले. मग राग आला. मग पुन्हा रडले. जूनपर्यंत मी त्यांच्या वाटेला गेले नाही.

जूनमध्ये ऊन पडायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःहून आमची खिडकी वाजवली. गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. दीड मीटरचं अंतर सोडून जमिनीवर खडूने दोन रेघा, मध्ये एक स्टूल. “बूरफ्राऊ, बसा,” त्या म्हणाल्या. बूरफ्राऊ म्हणजे शेजारीण. शेवटपर्यंत आम्ही एकमेकींना हीच हाक मारत आलो.

तेव्हा कळलं, त्या कोरियाच्या. तरुणपणी इथे नर्स म्हणून आल्या, इथल्याच एका विधुराशी लग्न केलं, तो वारून सहा वर्षं झाली. स्वतःचं मूल नाही. नवऱ्याचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा आहे, तो दर शनिवारी येऊन जातो. मला दिलेलं ते कापड म्हणजे पोजागी. आपल्याकडे पोथी बांधायचं बासन असतं ना, तसं. फक्त त्यांच्याकडे त्यात सगळंच बांधतात, जेवण, अंथरूण, लग्नाचं देणंघेणं. घरातले कपडे शिवून उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून बायका ते जोडत बसायच्या. आमच्या आत्याकडे गोधडीचं हेच कारण सांगायचे, असं मी म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, “गोधडीत टाके दिसतात ना? मग वेगळं.”

दीड मीटरवरून सुईकाम शिकवणं ही अशक्य गोष्ट आहे. त्यांनी ती करून दाखवली. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने मोठे मोठे टाके घालून त्या तो तुकडा स्टुलावर ठेवत आणि मागे सरत; मी पुढे होऊन उचलायचे, बघायचे, माझ्या खुर्चीवर जाऊन तसंच करायचे. पहिला महिनाभर तर सुईच नाही. चौकोनी कापडाची चारी टोकं मधोमध आणून दुमडायची, पुन्हा दुमडायची, घडी नखाने दाबून सपाट करायची. असे दुमडलेले चौकोन एकमेकांना जोडले आणि त्यांच्या कडा उलटल्या, की पाकळ्यांसारखी एकात एक अडकलेली वर्तुळं तयार होतात. माझी वर्तुळं अंड्यासारखी व्हायची.

त्या माझं काम डोळ्यांनी तपासत नसत. जोडावरून अंगठ्याचं नख फिरवत. एखाद्या जागी नख अडखळलं की म्हणत, “इथे. उसव.” मला वाटायचं, ही त्यांची परंपराच असेल.

त्या मला फुकट का शिकवत होत्या, हा प्रश्न नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात विचारला. “उगाच कोणी कुणाला काही शिकवत नाही,” तो म्हणाला. मी त्याला झटकून टाकलं. पण शंका अशी असते, की झटकली तरी अंगाला लागतेच.

हिवाळ्यात गॅलरीत बसणं अशक्य झालं. नियम दर पंधरा दिवसांनी बदलत होते. जानेवारीत ठरलं, घरी दिवसाला एकच पाहुणा. मंगळवारी दुपारी ती एकटी पाहुणी मी असायचे. लांब जेवणाचं टेबल, दोन टोकांना दोघी, खिडकी उघडी, दोघींच्या पायांवर शाली. आता आम्ही खऱ्या कापडावर आलो होतो. एका झाडाच्या सालीच्या धाग्याचं ते कापड, मलमलीसारखं तलम पण कडक. त्याला त्या मोशी म्हणत. दोन तुकड्यांच्या कडा दुमडून एकमेकींना भिडवायच्या आणि दुमडीच्या माथ्यावरून अगदी दोन-दोन धागे उचलत टाका घालत जायचं. मग एका बाजूची कड दुसरीवर लपेटायची आणि पुन्हा तसेच टाके. म्हणूनच तर कडा नाहीशा झाल्या होत्या. लबाडी वगैरे काही नव्हती. प्रत्येक जोड दोनदा शिवलेला होता, इतकंच.

पण याच महिन्यांत मला दुसऱ्याच गोष्टी खटकायला लागल्या. त्या माझ्यासमोर कधी कापड कापत नसत. तुकडे एका पत्र्याच्या डब्यातून आधीच कापलेले निघत. त्या माझ्यासमोर कधी सुई ओवत नसत. मी निघायच्या आधी मात्र म्हणत, “बूरफ्राऊ, दहा सुया ओवून ठेव. सराव.” सहा महिने शिवणारीला सुई ओवायचा कसला सराव? आणि माझं पुरं झालेलं काम त्या कधीच घरी नेऊ देत नसत. “इथेच ठेव. मी बघते.” पुढच्या मंगळवारी विचारलं, की “आत आहे,” एवढंच उत्तर. मी माझ्या एका जुन्या नारायणपेठेचा फाटलेला पदर त्यांना दाखवायला नेला होता, तोही “छान रेशीम आहे” म्हणून त्यांनी ठेवून घेतला. एकदा मी ठरल्यापेक्षा जरा लवकर गेले, तर टेबलावर काहीतरी मोठं पसरलेलं होतं. दार उघडून मला पाहताच त्यांनी घाईने त्यावर चादर ओढली.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “झालं तर मग. तुझ्याकडून शिवून घेतायत आणि कुठेतरी विकतायत.”

“त्या तशा नाहीत.”

“कशा आहेत, हे तुला काय माहीत? त्यांचा चेहरा तू मास्कशिवाय नीट बघितलायस का कधी?”

नीट नव्हता बघितला, हे खरं होतं.

माझ्या मुलीनेही भर घातली. गॅलरीत खेळताना तिने पाहिलं होतं म्हणे, की बाई आमच्या खिडकीसमोर थांबतात, मान वाकडी करून आत बघतात आणि पुढे जातात. “दॅट्स क्रीपी, आई,” ती म्हणाली. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला. इथे लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत आणि त्याचा त्यांना फार अभिमान असतो. चौथ्या मजल्यावर पडदा असलेली खिडकी एकट्या आमचीच.

मार्चमधल्या एका शनिवारी मी कचरा टाकून वर येत होते, तेव्हा बाईंचा सावत्र मुलगा गॅलरीत वाट अडवून उभा राहिला. पन्नाशीचा, खूप उंच, सायकलचं हेल्मेट काखेत. आत्तापर्यंत आमचं नातं मान हलवण्यापुरतंच होतं.

“तुम्हीच त्या, मंगळवारी येता त्या?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“हो.”

“कशासाठी येता?”

“शिवण शिकायला.”

“फक्त शिकायला?” मग त्याने इथल्या लोकांच्या रीतीने सरळ बोलून टाकलं. “माझी आई म्हणते, तुम्ही येऊन गेलात की घरातल्या वस्तू सापडत नाहीत. अंगुस्तान गेलं. चष्म्याची पेटी गेली. आता तिच्या आईची कात्री गेली. मी आरोप करत नाही. विचारतोय.”

मी चोर? मी? मला इंग्रजीत भरपूर बोलता येतं, वीस वर्षं मी इंग्रजीत शिकवलंय, पण त्या क्षणी तोंडातून मराठीच आलं, “शोभतं का हो हे तुम्हाला?” त्याला ते अर्थातच कळलं नाही. मी घरी आले आणि हात धुतले. दोनदा धुतले.

नवरा म्हणाला, “आता पाऊलही टाकायचं नाही तिथे. उद्या पोलिसात तक्रार केली तर? परवान्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे.” तो घाबरला होता आणि त्याचं घाबरणं चुकीचं नव्हतं. परक्या देशात आपल्या नावापुढे कुठे काय लिहिलं जाईल, याची धास्ती ज्याने सोसली त्यालाच ठाऊक.

पण मी मंगळवारी गेले. शिकायला नाही, भांडायला. डचमधली चार वाक्यं शब्दकोश बघून वहीत लिहून काढली होती, ती पाठ करत गेले.

बाईंनी दार उघडलं. मी आत जाऊन उभ्या-उभ्याच पहिलं वाक्य म्हटलं, “तुम्ही मला चोर समजता.”

त्या म्हणाल्या, “कात्री दे. बाकीचं राहू दे. ती माझ्या आईची आहे.”

“मी घेतलेली नाही.”

“तू येऊन गेलीस, त्यानंतर नाही.”

“मी नाही घेतली!” मी ओरडले, आणि तेव्हा माझी नजर टेबलावर गेली. काळसर कापडाची घडी होती आणि तिच्यावर, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, काळ्या मुठीची ती लोखंडी कात्री पडली होती. अगदी समोर.

“ही काय,” मी म्हणाले.

“कुठे?”

“ही. तुमच्या समोर.”

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. समोर. मग मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, पुन्हा वळवली. हात पुढे केला, तो कात्रीच्या बाजूने कापडावरून सरकत गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी मनात म्हणायला गेले आणि ती म्हण अर्ध्यातच राहिली. माझ्या लक्षात आलं. लिफ्टमधली ती नजर, खिडकीतली, दारातली. त्या पाळत ठेवत नव्हत्या. मान वळवल्याशिवाय त्यांना समोरचं दिसतच नव्हतं.

मी कात्री उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. वर्षभरात पहिल्यांदाच माझा हात त्यांच्या हाताला लागला. दीड मीटर कुठल्या कुठे गेलं.

त्या खुर्चीत बसल्या. मास्क काढला. रुंद, थकलेला चेहरा, वरच्या ओठाजवळ एक तीळ. “मधलं जातंय,” त्या म्हणाल्या. “कडा दिसतात. मधलं दिसत नाही. तुझा चेहरा मी कधीच पाहिला नाही. तुझे कान ओळखते.”

“डॉक्टर?”

“माहीत आहे डॉक्टरला. मुलाला माहीत नाही.” मग अचानक त्यांचा आवाज कठीण झाला. “सांगायचं नाही. त्याला कळलं, तर तो मला वृद्धाश्रमात ठेवेल. प्रेमाने ठेवेल. मागच्या वर्षी माझी मैत्रीण होती तिथे. दारं बंद केली होती. आम्ही बाहेर हिरवळीवर उभं राहून काचेतून हात हलवायचो. ती काचेच्या आतच गेली.”

मी खाली बसले. वहीतली उरलेली तीन वाक्यं आता कुठे वापरणार?

“मग मला कशाला शिकवलंत?” मी विचारलं.

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि चादरीखालचं ते मोठं कापड घेऊन आल्या. पसरलं तर टेबल झाकून खाली लोंबलं. पांढरी मोशी, मध्ये मध्ये निळा तुकडा, एका कोपऱ्यात माझ्या नारायणपेठेच्या पदराची लाल चिंधी. आणि डावीकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा माझा. मी शिवलेले सगळे तुकडे तिथे होते, एकमेकांना जोडलेले. उन्हाळ्यात खिडकीला लावायचा पडदा तो.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या आईचे उन्हाळी कपडे दोघी बहिणींनी वाटून घेतले होते. थोरली कोरियात, धाकटी इथे. त्यांच्या तुकड्यांतून प्रत्येकीने अर्धा पडदा शिवायचा आणि मग दोन्ही अर्धे थोरलीच्या घरी जोडायचे, असं ठरलं होतं. थोरलीचा कधीच पुरा झाला. ती सारखी विचारते. आणि यांचे डोळे गेले; आमचे मास्क शिवले तेच शेवटचं बारीक काम. काही जोड या नुसत्या बोटांनी शिवत राहिल्या, पण ते वाकडे जात, उसवावे लागत. मग दाराशी एक शेजारीण आली, शिकव म्हणाली.

“म्हणजे माझे टाके तुमचे म्हणून पाठवणार होतात.”

“हो,” त्या म्हणाल्या. लाजल्या नाहीत, माफीही मागितली नाही.

नवऱ्याचा संशय अगदीच चुकला नव्हता, हे मला टोचलं. “आधी सांगितलं असतंत तर मी शिवून दिलं नसतं का?”

“दिलं असतंस. पण मग तू शिकायला आली नसतीस, मदत करायला आली असतीस. मदत करणारे लोक मला ओळखता येतात. ते बोलतात मोठ्याने आणि टाके घालतात मोठे.”

यावर मला हसू यायला नको होतं, पण आलं. मग मी विचारलं, “आणि माझ्यावरच आळ का घेतलात?”

बराच वेळ त्या कात्रीवरून अंगठा फिरवत राहिल्या. “सगळ्यात जवळ तूच बसत होतीस. कळणार तर तुलाच कळणार होतं. मला तुझी भीती वाटायची. आणि वस्तू खरंच सापडत नव्हत्या, बूरफ्राऊ. माणूस काय समजणार?”

अंगुस्तान आणि चष्म्याची पेटी मी त्याच दुपारी शोधून दिली. एक सोफ्याच्या फटीत, एक फ्रिजवर.

पुढच्या शनिवारी सावत्र मुलाने मला पुन्हा गाठलं. आई म्हणते कात्री मिळाली, कुठे होती? मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “टेबलाखाली पडली होती.” त्याने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. मी घेतलेली कात्री गुपचूप आणून ठेवली, असंच त्याला वाटत होतं. पुढचे सहा महिने मी त्याच्या त्या समजुतीसकट त्याच्यासमोरून ये-जा केली. नवऱ्याला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे आता तू त्यांच्यासाठी खोटंही बोलतेस.” त्याने मला जायला मनाई केली नाही. आवडलंय असंही कधी म्हणाला नाही.

पडदा जूनमध्ये पुरा झाला. शेवटच्या महिन्यांत आमची कामं वाटली गेली: मी शिवायचं, त्यांनी नख फिरवायचं. आता माझ्याकडून चूक झाली तर त्या जास्त चिडत, कारण लपवायचं काही उरलं नव्हतं. एक जोड त्यांनी मला चारदा उसवायला लावला. चौथ्यांदा मी सुई टेबलावर आपटून घरी निघून आले. आठवड्याने परत गेले.

कापड टपालाने कोरियाला गेलं. ते पोचल्यावर बहिणीने व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा बाईंनी मला बोलावून घेतलं, फोन धरायला. फोनच्या पडद्यावर अगदी यांच्यासारख्याच, पण जास्त सुरकुतलेल्या एक बाई दिसल्या. त्यांनी आमचा अर्धा भाग मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि कितीतरी वेळ जोडावरून बोटं फिरवली. मग एक प्रश्न विचारला. बाईंचा चेहरा पडला. पुन्हा प्रश्न आला, जरा दरडावूनच. मग बाई बोलायला लागल्या, सलग, दोन-तीन मिनिटं, आणि बोलता बोलता रडू लागल्या. पलीकडच्याही रडू लागल्या. मी फोन धरून मध्ये उभी. माझा हात भरून आला, तरी मी हलवला नाही.

नंतर मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“म्हणाली, हा डावीकडचा हात कुणाचा? तुझा नाही.” त्यांनी नाक पुसलं. “सगळं सांगितलं. डोळ्यांचंही.”

“आणि माझं?”

“सांगितलं, शेजारीण आहे. डाव्या बाजूला टाका जरा ओढते.”

बहिणीला सांगितल्यावर बहुधा त्यांचा धीर वाढला. सप्टेंबरमध्ये त्यांनी मुलालाही सांगून टाकलं. त्याने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं नाही. घरभर दिवे लावले, शेगडीच्या बटणांवर जाड शिवणीसारखे उंचवटे चिकटवले आणि शनिवारबरोबर बुधवारीही यायला लागला. मला वाटलं, आता तो येऊन दोन शब्द बोलेल. आला. आमच्या दारात उभा राहून म्हणाला, “तुम्हाला मार्चपासून माहीत होतं.”

“हो.”

“ती जिन्यावरून पडली असती तर?”

मार्च ते सप्टेंबर, रोज सकाळी त्यांची खिडकी उघडलेली दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा, हे मी त्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. “सॉरी,” एवढंच म्हणाले. तोही “सॉरी” म्हणाला, कात्रीबद्दल. दोघांचीही माफी तशी कोरडीच होती, पण त्यानंतर गॅलरीत भेटलो की आम्ही थांबून हवेबद्दल बोलायचो, आणि इथे तेवढंही पुष्कळ मानतात.

मंगळवार चालूच राहिले. ऑक्टोबरमध्ये मुलगी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून माझ्यासोबत यायला लागली. तिला शिवणात रस नव्हता. तिला बाईंकडची नाशपाती आवडायची. बाई तिला डचमध्ये दटावत, “नुसती बसू नकोस. सुया ओव.” ती एका श्वासात दहा सुया ओवायची, माझ्यापेक्षा लवकर, आणि नाशपातीची फोड तोंडात कोंबून विचारायची, “अजून?”